लोकमान्यांची वसतिगृहातील वर्षे

थोर पुरुषाचे चरित्र वाचावयास घेतले म्हणजे आपली दृष्टी सहजच त्याच्या कर्तृत्वाच्या शिखराकडे जाते. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक असे नाव उच्चारले की न्यायासनासमोर निर्भयपणे उभी राहिलेली मूर्ती, मंडालेच्या कारागृहात ग्रंथलेखनात मग्न झालेला पंडित, अथवा ‘केसरी’तून राजसत्तेला जाब विचारणारा संपादक डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु या सर्वांच्या आधी डेक्कन कॉलेजच्या वसतिगृहात एक टिळक राहत होते. ते मित्रांच्या खोलीत दाराऐवजी खिडकीतून प्रवेश करीत, औषधाच्या बाटल्या बाहेर फेकून देत आणि मध्यरात्र उलटली तरी वादविवाद करून शेजाऱ्यांची झोप मोडीत. या टिळकांची ओळख आपल्या घराघरांतील तरुण मंडळींना विशेष व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची मुले-मुली शिक्षणासाठी परगावी एकेका खोलीत दोघे-तिघे राहत आहेत. त्यांच्या आईवडिलांनाही या कथेत विचार करण्याजोगे काही सापडेल.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव. वडील गंगाधरपंत हे व्यासंगी शिक्षक होते. संस्कृत व गणित या दोन्ही विषयांची गोडी त्यांनीच मुलास लावली. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्यास झाली आणि त्याच वर्षी मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या. १८७१ मध्ये बाळचे लग्न झाले व पुढच्याच वर्षी, तो मॅट्रिकच्या उंबरठ्यावर असता, गंगाधरपंतांनीही इहलोक सोडला. सोळा वर्षांचा हा पोरका मुलगा त्याच वर्षअखेरीस मॅट्रिक झाला आणि १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाला. घरची काळजी चुलते गोविंदराव यांनी वाहिली.

डेक्कन कॉलेजची वंशावळ जुनी आहे. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेतून ते उगवले. पुढे १८६८ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीमुळे उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या दगडी इमारतीत ते नांदू लागले. शहरापासून दूर, नदी जवळ, भोवती मोकळे माळरान. अशा ठिकाणी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक निराळेच जग तयार होते. घरच्या वडीलधाऱ्यांची नजर नाही आणि शहरातील नाटक-तमाशे हाकेच्या अंतरावर नाहीत. मग करमणूक एकमेकांचीच करावयाची, आणि ती करण्यात आमचा हा रत्नागिरीचा विद्यार्थी कोणासही हार जाणारा नव्हता.

कॉलेजात आले तेव्हा टिळकांची प्रकृती अगदी तोळामासा होती. हातपाय काटकुळे, आणि पोट मात्र थोडे पुढे. त्यातच धर्मपत्नी सत्यभामाबाई अंगाने चांगल्या सुदृढ. मित्रांना थट्टेस एवढे निमित्त पुरे होते! नवराबायकोच्या जोडीवरून होणारा हा विनोद टिळकांनी हसून सोडून दिला नाही. त्यांनी तो एखाद्या गणिताच्या उदाहरणासारखा सोडविण्यास घेतला. कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी जवळजवळ सर्वस्वी शरीरास अर्पण केले. सकाळी तालीम, कुस्ती, नदीवर पोहणे, नौका वल्हविणे आणि त्यानंतर भरपूर जेवण. पुस्तकांना या दिनचर्येत फारसे स्थान नव्हते. परिणाम व्हावयाचा तोच झाला. वर्षअखेरीस शरीर पास झाले आणि विद्यार्थी नापास झाला!

आजचे पालक हे वाचून कपाळास हात लावतील. आमच्या वेळचेही लावीतच असत. परंतु हिशेब पुढे पाहावा. त्या एका वर्षात कमावलेल्या शरीराने पुढे मंडालेच्या उन्हाळ्यात, मधुमेह जडलेला असताना, पन्नाशी उलटल्यावर सहा वर्षांचा कारावास सोसला. तालमीत घालविलेले ते वर्ष वाया गेले असे म्हणावयास मग जीभ रेटत नाही. अर्थात हे उदाहरण सांगून आमच्या मुलांनी नापास होण्याची परवानगी मागू नये. टिळकांनी ते वर्ष गादीवर लोळत काढले नव्हते.

एकदा स्वतःची प्रकृती सुधारली, तेव्हा टिळकांना इतरांच्या प्रकृतीची चिंता लागली. वसतिगृहात काही विद्यार्थी असे असावयाचेच की ज्यांच्या टेबलावर पुस्तकांपेक्षा औषधाच्या बाटल्या अधिक. आज डोके दुखते, उद्या अन्न पचत नाही, परवा झोप लागत नाही. टिळकांनी यावर रामबाण उपाय शोधला होता. ते अशा मित्राच्या खोलीत शिरत, बाटल्या उचलीत आणि खिडकीतून बाहेर भिरकावून देत. आणि रोग्यास तालमीत येण्याचे आमंत्रण देत. वैद्याची फी नाही, पथ्याची कटकट नाही. या उपचाराने किती रोगी बरे झाले याची नोंद कोणी ठेवली नाही. तथापि आजारीपणाचे सोंग घेणाऱ्यांची संख्या घटली असावी, असे समजण्यास हरकत नाही.

दुसरा त्यांचा रोष छानछोकीवर असे. केसांचा भांग, अंगरख्याची इस्त्री, खोलीची नाजूक सजावट यांतच ज्यांचा दिवस जाई, त्यांच्या खोलीवर हे एखाद्या वावटळीसारखे चालून जात. घातलेली गादी विस्कटलेली आणि सामान उलटेपालटे झालेले सापडले की कर्ता कोण हे विचारावे लागत नसे. दार आतून लावून घ्यावे, तर स्वारी खिडकीतून हजर! अशा पराक्रमांमुळे मित्रांनी त्यांस ‘डेव्हिल’ ही पदवी बहाल केली. ही विद्यापीठाच्या कोणत्याही पदवीच्या आधी मिळालेली पदवी होय. आणि जे मनात येईल ते समोरच्याच्या तोंडावर, भीडमुर्वत न ठेवता सांगून टाकावयाचे, या स्वभावामुळे दुसरे नाव मिळाले ते ‘ब्लंट’. म्हणजे आपल्या बोलीत फटकळ. पुढे सरकारलाही या दुसऱ्या नावाची यथार्थता वारंवार पटली.

हे सर्व करून अभ्यास कधी झाला, असा प्रश्न पडेल. तो झाला, आणि चांगला झाला. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणितज्ञ गुरू लाभले होते. अवघड उदाहरण समोर आले की टिळकांस आनंद वाटे. सोप्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. ठरावीक पुस्तके पाठ करून गुण मिळविण्यापेक्षा एखाद्या विषयाचा तळ गाठावा, ही त्यांची वृत्ती होती. १८७६ मध्ये ते बी. ए. झाले, आणि तेही पहिल्या वर्गात. पुढे गणित घेऊन एम. ए. करावयाचा त्यांचा विचार होता, परंतु ती परीक्षा त्यांस साधली नाही. अखेर ते एल्‌एल्. बी.च्या अभ्यासाकडे वळले व १८७९ मध्ये ती पदवी त्यांनी मिळविली.

गणितात रमणारा माणूस कायद्याकडे का वळला, याचे मित्रांनाही नवल वाटले. त्या काळी एल्‌एल्. बी. म्हणजे वकिलीची अथवा मुन्सफीची राजरस्त्याची पायरी. घरोघरच्या वडीलमंडळींची स्वप्ने त्या तीन अक्षरांभोवती घोटाळत असत. टिळकांचा हिशेब मात्र निराळा होता. देशकार्यात पडावयाचे तर राज्यकर्त्यांशी गाठ आहे, आणि राज्यकर्त्यांचे हत्यार कायदा आहे. ते हत्यार आपणास चालविता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. अभ्यासाची रीतही त्यांचीच. हिंदू कायदा इतर विद्यार्थी इंग्रजी सारांशांवरून उरकीत, तर टिळक मूळ संस्कृत स्मृतिग्रंथ आणि त्यांवरील टीका काढून बसत. परीक्षेला जेवढे लागते त्याच्या दसपट वाचावयाचे, आणि परीक्षेपुरते मात्र कदाचित वाचावयाचे नाही, हा क्रम येथेही चालूच राहिला.

याच कायद्याच्या दिवसांत वसतिगृहाने टिळकांना आयुष्यातील सर्वांत मोठी देणगी दिली. ती म्हणजे गोपाळ गणेश आगरकर हा मित्र. आगरकरांचा जन्मही १८५६ च्या जुलैमध्येच, १४ तारखेस, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. टिळकांहून ते अवघ्या नऊ दिवसांनी वडील. परंतु टिळकांना घरी पोटापाण्याची ददात नव्हती, तर आगरकरांचे बालपण दारिद्र्याच्या खाईत गेले होते. कऱ्हाडात उमेदवारी कर, कधी औषधे देण्याचे काम कर, नातेवाईकांच्या आश्रयाने अकोल्यास शीक, असे करीत १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि डेक्कन कॉलेजात आले. येथे निबंधांच्या बक्षिसांवर व शिष्यवृत्तीवर गुजराण. अंगात सदरा एकच. तो रात्री धुवावयाचा, वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच चढवून वर्गात जावयाचे. १८७८ मध्ये बी. ए. होऊन ते एम. ए.चा अभ्यास करीत होते, तेव्हा शेजारी कायद्याची पुस्तके घेऊन टिळक बसलेले होते.

दोघांचे स्वभाव पाहिले तर मैत्री व्हावी असे एकही लक्षण नव्हते! एकास गणित व संस्कृत प्रिय, दुसऱ्यास इतिहास व तत्त्वज्ञान. एकाची प्रकृती तालमीत घडलेली, दुसऱ्यास दम्याने ग्रासलेले. एक परंपरेचा अभिमान धरणारा, तर दुसरा बुद्धीच्या कसोटीस न उतरणारी कोणतीही गोष्ट न मानणारा. परंतु दोघांनाही एका गोष्टीची सारखीच आवड होती, आणि ती म्हणजे वाद घालणे. दिवसभर अभ्यास, सायंकाळी टेकडीवर फिरणे आणि रात्री खोलीत वाद. आधी समाज सुधारावा की आधी स्वराज्य मिळवावे? सरकारी नोकरी पत्करून देशसेवा होईल काय? शिक्षण हाच रोगावरचा उपाय ठरेल काय? आवाज चढत जावा, दिव्यातील तेल सरावे, आणि शेजारच्या खोलीतील परीक्षार्थींनी कपाळ बडवून घ्यावे, असा हा नित्यक्रम. इतरांनी तक्रार केली म्हणजे दोघेही क्षणभर हळू बोलत. पण मुद्दा हातचा जातो असे वाटले की आवाज पुन्हा पहिल्या पट्टीत!

या गोंगाटातूनच एक निश्चय बाहेर पडला. दोघांनीही सरकारी नोकरी करावयाची नाही आणि स्वतंत्र शाळा काढून तिला आयुष्य वाहावयाचे. आगरकरांच्या घरी आई मुलाच्या मोठ्या पगाराची वाट पाहत होती. आता मोठ्या पगाराची आशा सोडावी, असे त्यांनी तिला पत्राने कळविले. एका गरीब विधवेप्रमाणे दिवस काढणाऱ्या त्या माउलीस ते पत्र वाचून काय वाटले असेल, याची कल्पना पोटच्या मुलाचे शिक्षण अर्धपोटी राहून केलेल्या आईबापांनाच येईल. दरम्यान विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून शाळा काढण्याच्या विचारात आहेत, हे या तरुणांना कळले आणि त्यांनी शास्त्रीबोवांशी हातमिळवणी केली. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. पाठोपाठ १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ व ‘केसरी’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादक झाले आगरकर.

वसतिगृहातील त्या एकत्र निवासाचा दुसरा अंक लवकरच रंगला, आणि तोही सरकारी खर्चाने. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजीमहाराज यांच्या छळाविषयी दोन्ही पत्रांनी लिहिले. त्यावरून तेथील कारभारी माधवराव बर्वे यांनी बेअब्रूची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारे मजकूर छापला होता ती बनावट निघाली आणि १८८२ च्या जुलैमध्ये टिळक व आगरकर यांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. या खटल्यातील एक गोष्ट आपल्या ज्ञातिबांधवांनी आवर्जून स्मरणात ठेवावी. खटल्याच्या वेळी या दोघां ब्राह्मण तरुणांना जामीन मिळवून देण्यासाठी महात्मा जोतीराव फुले यांनी शब्द टाकला आणि त्यांचे स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे हे जामीन राहिले. मतभेद असूनही संकटात धावून येणारा हात कोणत्या जातीचा आहे, हे त्या वेळी कोणी पाहिले नाही.

मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात दोघांना एकाच लहानशा कोठडीत ठेवले. ढेकूण, डास, जाडेभरडे अन्न आणि अंथरावयास घोंगडी. दोघांचीही वजने झपाट्याने उतरली. परंतु एक सुख मात्र सरकारला हिरावून घेता आले नाही. रात्री कोठडीचे दार बंद झाले की डेक्कन कॉलेजातील जुना वाद जेथे थांबला होता तेथून पुढे सुरू! आवाज असा चढे की पहारेकऱ्यांना येऊन त्यांस गप्प करावे लागे. वसतिगृहातील शेजाऱ्यांना जे साधले नव्हते ते पहारेकऱ्यांनाही कितपत साधले असेल, हे वाचकांनीच ठरवावे. याच तुरुंगात आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर करण्याचे काम केले, ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध आहे. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. या दिवसांची हकिगत आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात लिहून ठेविली आहे. तुरुंगवासाची कथा इतक्या खेळकरपणे सांगितलेली मराठीत विरळाच.

येथपर्यंतची कथा हसत वाचावी. पुढील भाग सांगताना मन जड होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. कार्य वाढले आणि मतभेदही वाढले. वसतिगृहातील वाद रात्री संपत असे व सकाळी दोघे मित्र बरोबर स्नानास जात. आता वाद छापून येऊ लागला आणि छापलेला शब्द सकाळी पुसता येत नाही. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला व १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. बालविवाह, संमतिवय, विधवांची स्थिती या प्रश्नांवर दोघे एकमेकांविरुद्ध लिहू लागले, आणि लेखणीस वैयक्तिक धार चढली. सनातनी मंडळींनी तर आगरकर जिवंत असता त्यांची प्रेतयात्रा काढली. ती काढणाऱ्यांत आपलेच ज्ञातिबांधव होते, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या सुधारणांसाठी त्या माणसाने हे सोसले, त्या आज आपल्या घरांत इतक्या रुळल्या आहेत की त्यांस कधी विरोध झाला होता याचेच आपल्या मुलींना आश्चर्य वाटते.

१७ जून १८९५ रोजी, एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, आगरकर निवर्तले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यासाठी लागणारे पैसे त्यांनी वेगळे बांधून ठेविले होते. मृत्युलेख लिहिण्याचा प्रसंग टिळकांवर आला. एरवी ज्यांची लेखणी कधी अडखळत नसे, त्यांस तो लेख लिहिताना वारंवार थांबावे लागले व डोळे पुसावे लागले, असे सांगतात. दोन मित्रांमध्ये सात-आठ वर्षे उभी राहिलेली भिंत त्या दिवशी कोसळली. परंतु पलीकडे कोणी उरले नव्हते.

टिळकांनी वकिलीची सनद घेऊन पैसा मिळविला नाही, तरी येरवड्यास शिकलेला कायदा आयुष्यभर त्यांच्या उपयोगी पडला. सोसायटी सोडल्यावर कायद्याचा वर्ग चालविणे हे त्यांच्या चरितार्थाचे एक साधन झाले. नरसिंह चिंतामण केळकर १८९६ मध्ये पुण्यास आले ते या वर्गाच्या कामास मदत करावी म्हणून. ताईमहाराज प्रकरणाचा खटला तर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये तेथे टिळकांचा पक्ष खरा ठरला. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला व एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केले. समोर न्यायासनावर होते न्या. दावर. १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून बॅरिस्टर या नात्याने उभे राहिले होते ते हेच! शिक्षा सहा वर्षांची झाली. तिच्यातून ‘गीतारहस्य’ जन्मास आले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांनी देह ठेविला.

त्यांच्या कॉलेजची पुढील हकिगतही सांगण्यासारखी आहे. १९३४ मध्ये सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. तेव्हा माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा उघडले. ज्या जागेने कायदा शिकविला ती कायद्यानेच वाचली, हा योग टिळकांस खचित आवडला असता.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? मुलगा वसतिगृहात गेला म्हणजे आपण त्याच्या गुणपत्रिकेची चौकशी करतो. ती करावीच. परंतु त्याच्या खोलीत रात्री कशाविषयी बोलणे होते, आणि त्याच्याशी न पटणारा एखादा मित्र त्यास लाभला आहे की नाही, हेही एकदा विचारावे. आपल्यासारखेच बोलणारे सोबती कोठेही मिळतात. आपले म्हणणे रात्रभर खोडून काढणारा व सकाळी आपल्याच ताटाशेजारी जेवावयास बसणारा सोबती भाग्याने मिळतो. तो मिळाल्यावर जपावा कसा, हे मात्र वसतिगृहात शिकवीत नाहीत. आणि लोकमान्यांसारख्या पुरुषालाही ते पूर्णपणे साधले नाही. आपल्या मंडळातही मते निरनिराळी आहेत, वाद होतात, प्रसंगी आवाजही चढतो. तो अवश्य चढावा. सभा संपल्यावर मात्र पंगत एकच असावी, एवढी या दोघां मित्रांच्या स्मृतीस साक्षी ठेवून सर्व ज्ञातिबंधु-भगिनींना नम्र विनंती आहे.